१ मेच्या ग्रामसभेत पाण्याचा हिशोब वाचा

प्रति,
कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील सर्व सरपंच, पंचायत समित्यांचे कारभारी आणि नगरपरिषदांचे नगराध्यक्ष यांस

सरपंचताई, सरपंचदादा आणि शहरांतल्या कारभारी मंडळींनो,



केलेल्या कामाचा अहवाल लोकांपुढे ठेवायची पद्धत आपल्याकडे आता चांगली रुजली आहे. कर्जतच्या चारफाट्यावर, चौक फाट्यावर, खोपोलीत फलक लागतात. वर्ष सरले की पत्रके घरी येतात आणि मोबाईलवर चित्रफितीही येतात. काँक्रीटचा रस्ता, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीची शेड, अंगणवाडीची इमारत, आणि प्रत्येक कामापुढे मंजूर निधीचा आकडा. यातले कुठलेच काम फालतू नाही. भर पावसात, ओल्या लाकडांवर माणसाला अग्नी देण्याची पाळी ज्या वाडीवर येते, तिला शेडचे मोल काय ते मी सांगायला नको. लोकांनी निवडून दिले, आपण काय केले ते लोकांना सांगावे, ही भावनाही चांगली आहे.

पण या अहवालांत एक पान मला कधी सापडलेले नाही आणि आपल्या दोन तालुक्यांत ते सर्वांत आधी असायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत कोणत्या वाडीत नळाला पाणी आले, किती दिवसांआड आले, आणि जिथे आले नाही तिथे ते का आले नाही, हे सांगणारे पान. १ मेची ग्रामसभा भर टंचाईच्या दिवसांत येते. त्या सभेत हे पान मोठ्याने वाचून दाखवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. माथेरानच्या माथ्यावर तो पाच हजारांच्या घरात जातो. मराठवाड्यातल्या माणसाला हे आकडे सांगितले, तर कर्जतला टँकर लागतो यावर त्याचा विश्वास बसणार नाही. पण सह्याद्रीचा हा कातळ पाणी धरून ठेवत नाही. घाटमाथ्यावरून कोसळलेले पाणी उतारावरून ओढ्यात, ओढ्यातून उल्हास आणि पाताळगंगेत आणि तिथून खाडीत जाते. जुलैमध्ये श्रीराम पुलाखालून उल्हास जे पाणी वाहून नेते, त्यातले मे महिन्यासाठी वाडीच्या विहिरीत काही उरत नाही. निसर्गाची अडचण आहे ती एवढीच. बाकीची सगळी अडचण पाणी कोणी साठवायचे आणि कोणाला द्यायचे याची आहे, आणि तो कारभाराचा प्रश्न आहे.

कारण पाणी साठवणे आपल्या भागात कुणाला जमले नाही असे मुळीच नाही. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटावर अडवलेले पाणी नळांतून खाली सोडायचे, त्यावर मुंबईसाठी वीज करायची आणि सुटलेले पाणी नदीला द्यायचे, ही व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. पाताळगंगा आणि पेज उन्हाळ्यात वाहतात त्या याच पाण्यावर. राजनाल्याच्या कालव्याखाली उन्हाळी भात होते ते याच पाण्यावर, कर्जत शहराची नळयोजना पेजेवर उभी आहे आणि पुढे उल्हासच्या काठची बदलापूरपासूनची शहरेही या पाण्याकडे डोळे लावून असतात. मुळात हे पाणी भीमेच्या खोऱ्यातले. ते पुन्हा पूर्वेकडे, पुणे-सोलापूरच्या बाजूला वळवावे अशी मागणी अधूनमधून होते, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी ग्रामसभेत त्यावर चर्चा केली? आपली उन्हाळ्यातली नदी दुसऱ्याच्या वेळापत्रकावर वाहते, हे प्रत्येक सरपंचाला ठाऊक असायला हवे.

मग मोरबे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेले हे धरण २००२ साली नवी मुंबई महापालिकेने विकत घेतले. सुमारे १९० दशलक्ष घनमीटर साठवण, ८८ मीटर पातळी गाठली की धरण भरले. नवी मुंबईकरांना बारमाही पाणी मिळते ते यावर. ते त्यांना मिळू नये असे मी म्हणणार नाही. तिथे राहणारी माणसे आपलीच आहेत, कितीतरी घरे तर इथूनच तिकडे गेलेली. पण धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आपल्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, हेही तितकेच खरे. कोंढाण्याच्या धरणाची कथा तुम्हाला माहीत आहे. सिंचन घोटाळ्यात त्याचे नाव गाजले, काम थांबले, आणि पुढे ते सिडकोकडे गेले. मोरबे असो की कोंढाणे, पाणी आपल्या डोंगरातले आणि विचार शहराच्या तहानेचा.

आता पूर्वेकडच्या पट्ट्यात चला. खांडस, नांदगाव, ओलमण, मोग्रज या बाजूच्या आदिवासी वाड्यांत मार्च सरत आला की विहिरीचा तळ दिसू लागतो. मग बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात. हात-दीड हात खोल खड्डा. वाळू आणि गोटे बाजूला सारले की तळाशी गढूळ पाणी पाझरू लागते. पहिले पाणी फेकून द्यायचे. नंतरचे जरा निवळले की वाटीने, भांडे खाली टेकू न देता, वरचेवर उचलायचे आणि कळशीत ओतायचे. वाटी जोरात बुडाली की गाळ वर येतो आणि पुन्हा वाट बघावी लागते. एक हंडा भरायला किती वेळ लागेल हे डवऱ्यावर अवलंबून. एकीचा भरला की दुसरीचा नंबर. दुपारच्या उन्हाआधी घरी पोचायचे म्हणून पहाटे, अंधारातच निघायचे. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि काखेत किंवा हाताला धरून एखादे पोर. शाळेत जाणाऱ्या मुली या रांगेत दिसतात, कारण आई मजुरीला गेलेली असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यास होतो का असे त्या मुलींना विचारायचे धाडस माझ्याने होत नाही.

या वाड्यांसाठी कागदावर काही नाही असे नाही. दरवर्षी टंचाई कृती आराखडा तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विंधन विहिरी, विहिरींतला गाळ काढणे, खोलीकरण, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना आणि शेवटी टँकर असे उपाय त्यात क्रमाने येतात. क्रम अगदी योग्य आहे. गाळ जानेवारीत निघाला, दुरुस्ती फेब्रुवारीत झाली, तर टँकर कमी लागतील. प्रत्यक्षात आधीचे उपाय मंजुरीच्या फेऱ्यांत अडकतात आणि एप्रिलमध्ये थेट टँकरची मागणी पुढे येते. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीचा प्रस्ताव, संयुक्त पाहणी, मंजुरी, मग टँकर. सरकारी मापाप्रमाणे टँकरने माणशी रोज २० लिटर. त्यात पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे आणि दारातली शेळी. म्हणून माझी पहिली विनंती ही, की टँकर आणल्याची नोंद अहवालात यश म्हणून करू नका. कोणत्या वाडीला सलग किती वर्षे टँकर लागतो आहे ते लिहा. एखाद्या वाडीचे नाव आराखड्यात वर्षानुवर्षे येत असेल, तर तिथे तात्पुरता उपाय पुरणार नाही, हे लोकांसमोर मान्य करण्यात कमीपणा नाही.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर. २०२४ ची मुदत होती, ती पुढे २०२८ पर्यंत वाढली. आपल्या गावांत त्यामुळे खूप काम झाले, हे मी मनापासून सांगते. टाक्या उभ्या राहिल्या, वाड्यांपर्यंत जलवाहिन्या पोचल्या, दारात नळाची तोटी आली. पण तोटी आली म्हणजे पाणी आले असे होत नाही. योजना कुठे अडते हे गावोगावच्या पाणी सोडणाऱ्या माणसाला नेमके ठाऊक असते. उद्भवाची विहीर ऐन उन्हाळ्यात आटते. मोटर जळते आणि ती भरून आणायला पंचायतीच्या खात्यात पैसे नसतात. विजेचे देयक थकते, जोडणी तुटते. चढावरच्या शेवटच्या आळीला दाब पुरत नाही, म्हणून तिथली तोटी कोरडीच राहते. कुठे ठेकेदाराची बिले सरकारकडे अडकली म्हणून काम अर्धवट. यातली काही कारणे तुमच्या हातातली आहेत, काही नाहीत. अहवालात हा फरक स्पष्ट लिहिलात तर लोक तुम्हाला दोष देणार नाहीत, उलट पाठपुराव्याला तुमच्याबरोबर येतील.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे तुमच्या आणि आमच्या हातात आहे. गाव 'हर घर जल' झाले हे प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. हा ठराव सप्टेंबरात करू नका. सप्टेंबरात तर कातळावरही पाणी असते. तो मे महिन्यात, शेवटच्या वाडीतल्या शेवटच्या नळाला पाणी आलेले पाहून मगच करा. एकदा प्रमाणपत्र गेले की आपले गाव कागदावर तृप्त होते आणि पुढच्या निधीच्या रांगेतून बाहेर पडते.

पैशाचाही हिशोब याच पानावर यावा. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ या काळातला जो निधी आला, त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतींना मिळाला, दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. एकूण रकमेपैकी ६० टक्के बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. पाण्याच्या या बंधित पैशातून माझ्या वाडीत काय झाले, असे एखाद्या बाईने विचारले तर उत्तर देता यायला हवे. सरपंचताई, हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा आणि स्वतःच उत्तर द्या. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या तेव्हा आम्हा बायकांची हीच अपेक्षा होती, की हंड्याचे ओझे जिला माहीत आहे ती खुर्चीत बसल्यावर पाण्याचा कागद आधी उघडेल. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही निम्म्या महिला असायच्या असतात. त्यांची नावे किती बायकांना माहीत आहेत? समितीची शेवटची बैठक कधी झाली, हेही त्याच पानावर यावे.

ग्रामसभा ही मेहेरबानी नाही, तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिलेला हक्क आहे. वर्षातून चार सभा व्हायलाच हव्यात आणि आर्थिक वर्षातल्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि प्रशासनाचा अहवाल ठेवायचा असतो. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी तो पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कित्येक ठिकाणी पहिली सभा तहकूब होणार हे धरूनच चालतात आणि पुढच्या सभेत चारदोन सह्यांवर सगळे ठराव मंजूर होतात. त्यात दोष एकट्या सरपंचाचा नाही. आम्ही मतदार जात नाही. पण सभेची वेळ आणि जागा ठरवणे तुमच्या हाती आहे. वाडीवरच्या माणसाने मजुरी बुडवून मुख्य गावात यावे, दोन तास उन्हात उभे राहावे आणि त्याचा विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी यावा, असे असेल तर तो का येईल?

इथे आपल्या दोन तालुक्यांची एक खास अडचण सांगितली पाहिजे. पालघर किंवा नाशिकच्या आदिवासी भागात पेसा कायदा आहे, तिथे पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे आपल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांना स्वतंत्र ग्रामसभेचा तो आधार नाही. मोठ्या गावाच्या सभेत त्यांचा आवाज पोचला तर पोचला. त्यातही कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. २६ जानेवारीच्या सभेला ती गावात नसतात आणि १ मेलाही बरीचशी नसतात. म्हणून माझी दुसरी विनंती: हा पाण्याचा तक्ता १ मेला गावात वाचा आणि १५ ऑगस्टला, माणसे परत आल्यावर, वाडीवर जाऊन पुन्हा वाचा. कायदा तुम्हाला तसे करायला भाग पाडत नाही, पण अडवतही नाही. कातकरी समाजासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली. घरे, रस्ते, पाणी, वीज असे तिचे स्वरूप आहे. तुमच्या हद्दीतल्या कोणत्या कातकरी वाड्या त्यात बसल्या आणि कोणत्या राहिल्या, हेही त्या दिवशी त्यांना तोंडावर सांगा. भट्टीवर असताना सर्वेक्षण झाले आणि नाव राहिले, असे कुणाचे होऊ नये.

इर्शाळवाडीचे नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरे होऊ शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाचा उतार वाडीवर आला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वर जायला नुसती पायवाट होती. यंत्रे नेता आली नाहीत, पावसात आणि धुक्यात हातांनी माती उपसावी लागली. सरकारने तेव्हा सांगितले, की धोकादायक गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. २०१४ साली माळीण झाले होते, २०२१ साली आपल्याच जिल्ह्यात तळिये झाले होते, आणि तरीही यादीत नव्हती. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ सिडकोने पक्की घरे बांधली, ते चांगले झाले. पण डोंगराच्या कुशीतल्या बाकी वाड्यांचे काय? यादी करायला भूवैज्ञानिक लागतात, मान्य. उताराला भेग पडली, झाडे तिरपी झाली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा जागा बदलून फुटले, हे मात्र वाडीतल्या माणसालाच आधी दिसते. ते कळवायचे कुणाला, हे त्याला माहीत असायला हवे. तुमच्या अहवालात अशा वाड्यांची नावे, शेवटची पाहणी कधी झाली ती तारीख, आणि पावसाळ्यात त्यांनी कुठे आसरा घ्यायचा ती जागा, एवढ्या तीन गोष्टी आल्या पाहिजेत.

वाडीला रस्ता का नाही, नळ का नाही, असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर येते: वनखात्याची जमीन आहे, परवानगी मिळत नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातले कलम ३(२) तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन वळती करायला मुभा देते. त्यात रस्ता आहे, पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी आहे, लहान जलसाठे, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विजेच्या तारा आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, या मुख्य अटी. आणि प्रस्तावाला ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे दाराची कडी आतून, आपल्याच हाताशी आहे. तुमच्या कार्यकाळात या कलमाखाली किती प्रस्ताव पाठवले? एकही नसेल तर तसे लिहा, आणि पुढच्या सभेत पहिला ठराव करा. इर्शाळवाडीला रस्ता असता तर डोंगर थांबला नसता, पण मदत पोचायला एवढा उशीर झाला नसता.

पाण्याच्या हिशोबात एक नवीन वाटेकरी आला आहे, त्याच्याबद्दलही बोलायला हवे. मुंबई-पुण्याच्या मधोमध असल्याने आपल्या गावांच्या शिवारात फार्महाऊस, रिसॉर्ट आणि दुसऱ्या घरांच्या वसाहती वाढल्या. त्यातून कामे मिळतात, घरपट्टी मिळते, दूध-भाजीला गिऱ्हाईक मिळते. त्याचबरोबर खोल बोअर जातात, तरणतलाव भरतात आणि शेजारच्या वाडीची विहीर महिनाभर आधी आटते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. तो किती ग्रामपंचायतींनी वापरला? बांधकामाचा ना-हरकत दाखला तुमच्या दप्तरातून जातो, तेव्हा सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहे हे त्यावर लिहिण्याची सवय लावा. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

शहरांच्या कारभाऱ्यांना मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्याकडे निदान पाणी आहे. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकाच्या काळानंतर लोकांचे सदस्य पुन्हा सभागृहात आले. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत तर मार्च २०२२ मध्येच संपली होती. त्या मधल्या काळात विचारायचे कुणाला हेच लोकांना कळत नव्हते. आता कळते, म्हणून प्रश्न वाढतील, त्याचा राग मानू नका. प्रभागवार पाणी सुटण्याची वेळ, गळती आणि उल्हास-पाताळगंगेत न शुद्ध करता जाणारे सांडपाणी, या तीन गोष्टी तुमच्या पहिल्या वार्षिक अहवालात आकड्यांनिशी याव्यात. आपण नदीत सोडतो ते खाली कुणीतरी पितो. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, २,६२५ मीटरचा वावर्ल्याचा बोगदा, राष्ट्रीय महामार्ग ५४८ए ही कामे मोठी आणि उपयोगाची आहेत, पण ती केंद्राची आणि राज्याची आहेत. तुमच्या अहवालात त्यांची छायाचित्रे नसली तरी तुमचे मोल कमी होत नाही.

आणि मोल म्हणाल तर स्थानिक कारभाऱ्याचे मोल या मातीने पाहिलेले आहे. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील होते आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेड्यांतल्या मुलांसाठी शाळा चालवल्या. बेचाळीसच्या लढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा त्यांचा दस्ता आपल्याला आठवतो. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, हेही आठवते. दरवर्षी त्या दिवशी लोक सिद्धगडावर जातात, तुमच्यापैकी अनेक जण जातात. मला मात्र त्यांच्या धान्यकोठीबद्दल अधिक वाचावे, बोलावे असे वाटते. भुकेचे महिने कोणते आणि तेव्हा कोणत्या घरात दाणा नसतो, हे माहीत असल्याशिवाय धान्यकोठी चालवता येत नाही. भाईंना ते माहीत होते. तहानेचे महिने आणि घरे आज तुम्हाला तशीच माहीत असायला हवीत.

आता सर्वांत निकडीचे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आपल्या भागातल्या पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना मान्यता दिली. पोशीरची किंमत सुमारे ६,३९४ कोटी रुपये आणि शिलारची ४,८६९ कोटी. पोशीरची साठवण बारा टीएमसीच्या वर, शिलारची साडेसहाच्या वर. पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी जाणार. ज्यांची घरे, शेते, देवराया बुडीतात जाणार त्यांचा प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकले पाहिजे. माझे म्हणणे बाकीच्या आपल्या सगळ्यांना लागू आहे. मोरब्याच्या वेळी जे मागायचे राहिले ते या वेळी आधी मागा. धरणाची भिंत उभी राहिल्यावर मागणारा याचक ठरतो. आज, कागद तयार होत असताना, मागणारा हक्कदार असतो.

काय मागायचे तेही साधे आहे. धरणाच्या मंजूर पाणीवाटपात कर्जत-खालापूरच्या गावांचा आणि वाड्यांचा पिण्याच्या पाण्याचा हिस्सा आकड्यात लिहिलेला असावा. शहराकडे जाणारी जलवाहिनी ज्या ज्या गावाच्या हद्दीतून जाईल तिथे गावासाठी जोडणी असावी, आणि तिचा वर्षानुवर्षांचा वीजखर्च कोण देणार हेही त्याच कागदावर असावे. उंचावरच्या वाड्यांना खालच्या धरणाचे पाणी चढवणे परवडणार नसेल, तर त्यांच्यासाठी ओढ्यांवर बंधारे आणि साठवण टाक्या प्रकल्पाच्या खर्चातून व्हाव्यात. आणि बुडीतातल्या एकाही कुटुंबाचे पुनर्वसन पूर्ण होण्याआधी घळभरणी होऊ नये.

तेव्हा सरपंचताई, सरपंचदादा, १ मेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय घाला आणि ते आयत्या वेळचे म्हणून नका ठेवू, वरच ठेवा. पहिला, वाडीवार पाण्याचा तक्ता वाचणे. दुसरा, पोशीर-शिलारच्या पाण्यातल्या स्थानिक हिश्शाचा ठराव. सभेआधी महिलांची सभा घ्या, तिथे दोन्ही विषय आधी होऊ द्या. ठराव झाला की प्रत जिल्हाधिकारी, जलसंपदा विभाग आणि आपले आमदार-खासदार यांना पाठवा, प्रत्येकाकडून आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि ती पोच पंचायतीच्या सूचनाफलकावर लावा, म्हणजे पुढच्या सभेत आम्हाला तिच्याबद्दल विचारता येईल.

आपली नम्र,
कर्जत तालुक्यातील एक मतदार